एक बाजार, एक माप

मापात पाप असू नये, असे वाणीही म्हणतो आणि गिऱ्हाईकही म्हणते. दोघांचे एकमत एवढ्या एका वाक्यापुरतेच असते. पायली कोणाची घ्यायची, ती शिगोशीग भरायची की सपाट, यावर दोघे भांडतात. दोन गावांचा बाजार एक झाला की हे भांडण दुपटीने वाढते. आणि दहा-वीस राज्यांनी आपापली जकातनाकी उठवून एकच बाजार करायचे ठरवले, तर नुसती पायली आणि तागडी सारखी करून भागत नाही. माणसे किती, कोळसा किती निघाला, मजुरी किती पडली, बेकार कोणाला म्हणायचे, महागाई किती वाढली, ही सारी मापे सारखी करावी लागतात.

युरोपातल्या राज्यांनी गेल्या सुमारे दोनशे वर्षांत सामाईक बाजार उभारताना ही सामाईक मापे कशी घडवली, हा आमचा आजचा विषय आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरचे काम सोडून आलेल्या श्रोत्यांपुढे आकड्यांची पोतडी उघडणे धाडसाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण पगाराच्या वाटाघाटी करताना झाले. तिथे तीसएक वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आकडा हा नदीतल्या गोट्यासारखा उचलून आणायचा नसतो. तो ठरवावा लागतो. आणि तो ठरवताना जो हजर नसतो, त्याच्या ताटातली भाकर आधी कमी होते. युरोपचा इतिहास हेच सांगतो, अशी आमची समजूत आहे. ती बरोबर की चूक, हे आपण शेवटी ठरवावे.

प्रारंभ जर्मन राज्यांपासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात जर्मनी नावाचे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी राज्ये होती, आणि प्रत्येकाचे नाके वेगळे, नाणे वेगळे, वजन वेगळे. १८३४ सालच्या १ जानेवारीला प्रशियाच्या पुढाकाराने यांतल्या अठरा राज्यांचा जकातसंघ अस्तित्वात आला. त्याला जर्मन भाषेत ‘त्सोलफेराइन’ म्हणतात. सुमारे सव्वादोन कोटींहून अधिक लोकांचा हा बाजार होता. आतली नाकी उठली. जकात घ्यायची ती फक्त संघाच्या बाहेरच्या सरहद्दीवर.

इथेच पहिला प्रश्न उभा राहिला. बव्हेरियाच्या आतल्या एखाद्या गावातला माणूस कॉफी पितो, साखर खातो. पण त्या कॉफीची आणि साखरेची जकात जमा होते दूर प्रशियाच्या सरहद्दीवर. मग हा पैसा कोणाचा? ज्याच्या नाक्यावर जमला त्याचा, की ज्याच्या प्रजेने माल खाल्ला त्याचा? कोण किती खातो हे घरोघर जाऊन कोण पाहणार? म्हणून संघाने एक सोपा तोडगा काढला. सारी जमा एकत्र करायची आणि राज्याराज्यांत डोक्यांच्या संख्येने वाटायची. त्यासाठी दर तीन वर्षांनी, डिसेंबर महिन्यात, सगळ्या राज्यांत शिरगणती करायची. हिवाळ्यात माणसे प्रवासाला कमी निघतात, घरी सापडतात, म्हणून डिसेंबर. हिशेब जुळवायला बर्लिन शहरात संघाची एक मध्यवर्ती कचेरी बसवण्यात आली.

तोडगा सोपा होता, पण त्याच्या पोटात भांडण होते. ज्या दिवशी डोके म्हणजे पैसा झाला, त्या दिवशी प्रत्येक राज्याला आपली डोकी जास्त दाखवण्याची ओढ लागली. त्या काळी जर्मनीत सुतार, चांभार, शिंपी असे तरुण कारागीर काम शिकत गावोगाव हिंडत असत. असा एखादा शिंपी सॅक्सनी राज्यातला, पण सध्या प्रशियात काम करणारा. त्याला सॅक्सनीने घरचा म्हणून मोजावे, की प्रशियाने तिथे जेवतो म्हणून मोजावे? दोघांनी मोजले तर एका शिंप्याचे दोन शिंपी होतात. कोणी जुन्या कर-वह्यांवरून आकडा काढी, कोणी पोलिसांच्या नोंदीवरून, तर कोणी खरोखर दारोदार जाऊन मोजी. पुढे नियम कडक होत गेले. सगळीकडे एकाच दिवशी, घरोघर जाऊन मोजणी व्हावी, किती दिवस बाहेर असलेला माणूस धरावा आणि किती दिवसांचा सोडावा, हे राज्यांनी बैठका घेऊन ठरवले. आज जनगणनेचे जे शास्त्र आपण निर्मळ ज्ञान म्हणून शिकतो, त्याचा बराच भाग असा वाटणीच्या तंट्यातून जन्मला आहे.

फ्रँकफुर्टची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र नगर १८३६ साली संघात आले. त्याचे म्हणणे असे की आमच्या नगरातला माणूस आणि शेतावरचा माणूस सारखे कसे धरता? आमच्याकडे परदेशी माल कितीतरी जास्त खपतो. संघाने हे मान्य केले आणि फ्रँकफुर्टला डोक्यांच्या हिशेबाने मिळाले असते त्याहून अधिक वाटा दिला. म्हणजे डोकी मोजायची असे ठरले तरी एका डोक्याचे वजन दुसऱ्या डोक्याहून जास्त भरले. फ्रँकफुर्टचे शेठ वाटाघाटीत हजर होते, हिंडणारा शिंपी नव्हता, एवढाच काय तो फरक.

वजनांचे आणि नाण्यांचेही तसेच. संघाने पन्नास किलोग्रॅमचा जकाती मण ठरवला. १८३८ साली ड्रेस्डेन येथे करार होऊन उत्तरेकडचे दोन थालर म्हणजे दक्षिणेकडचे साडेतीन गुल्डेन असा पक्का भाव बांधला गेला. १८७१ साली जर्मन साम्राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी साम्राज्याची सांख्यिकी कचेरी निघाली. राष्ट्र आधी आणि आकडे मागून, असा आपला समज असतो. जर्मनीत सामाईक मोजणी राष्ट्राच्या सदतीस वर्षे आधी सुरू झाली होती.

त्याच काळात आणखी एक मोजणी सुरू झाली, आणि ती आम्हां कामगारांच्या जास्त जिव्हाळ्याची आहे. सॅक्सनीच्या सांख्यिकी कचेरीचा प्रमुख एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि एक नियम मांडला: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा हिस्सा मोठा. आपल्या आयाबहिणींना हा नियम कोणी शिकवावा लागत नाही. पण एंगेलने तो आकड्यांत बसवला, आणि त्यातून एक मोठी गोष्ट निघाली. धान्य महागले की गरिबाची महागाई आणि श्रीमंताची महागाई वेगळी होते. तेव्हा महागाई मोजायची तर आधी विचारले पाहिजे, कोणाची टोपली घेऊन बाजारात निघालात? डोकी मोजणारे शास्त्र असे पोटापर्यंत येऊन पोचले.

आता एकदम शंभर वर्षे पुढे जाऊ. दोन महायुद्धांत युरोप होरपळला. युद्धाला लागते पोलाद आणि पोलादाला लागतो कोळसा. तेव्हा हे दोन्ही धंदे कोणा एका देशाच्या हाती ठेवू नयेत, या विचाराने फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला करार केला. १९५२ साली युरोपीय कोळसा व पोलाद संघ सुरू झाला. त्याच्या वरिष्ठ मंडळाचे पहिले अध्यक्ष झाँ मोने. मंडळाची कचेरी लक्झेंबर्गला थाटली आणि तिच्यात लौकरच एक सांख्यिकी विभाग निघाला. रोल्फ वागेनफ्यूर हा जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ त्याचा प्रमुख होता. आज जगभर युरोस्टॅट म्हणून ओळखली जाते ती संस्था याच रोपट्यातून वाढली.

मंडळाचा खर्च कोळशाच्या आणि पोलादाच्या उत्पादनावर बसवलेल्या पट्टीतून चाले. तेव्हा सहा देशांनी टन एकाच रीतीने मोजला पाहिजे, हे क्रमप्राप्तच होते. पण खरी कसोटी लागली ती मजुरीच्या आकड्यांत. सीमा उघडताच प्रत्येक देशातला कारखानदार म्हणू लागला, आमच्याकडे मजुरी महाग, शेजारी स्वस्त मजुरांच्या जोरावर आम्हांला बुडवणार. आणि प्रत्येक देशातला मजूर म्हणू लागला, शेजारच्या खाणीत जास्त मिळते, आम्हांलाच का कमी? दोघांच्या हाती आपापल्या सोयीचे आकडे होते. खरे काय ते सांगणारा आकडा कोणापाशीच नव्हता.

तो काढायचा कसा? पगारपत्रकावरचा तासाचा दर घेतला तर फ्रेंच मजुराला मुलाबाळांच्या हिशेबाने मिळणारा मोठा कुटुंबभत्ता सुटतो. खाणमजुराला मिळणारा कोळसा आणि राहायला मिळणारे घर हेही सुटते. सणाला मिळणारा जादा पगार, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा, हे कुठे धरायचे? मालक विम्यासाठी जी वर्गणी भरतो ती त्याच्या दृष्टीने मजुरीवरचा खर्च. पण ती मजुराच्या हातात पडत नाही. म्हणून लक्झेंबर्गच्या कचेरीने दोन वेगळे आकडे काढायचे ठरवले. एक, मालकाला मजूर कितीला पडतो. दुसरा, मजुराला खरोखर काय मिळते. हा भेद आमच्या मते त्या कचेरीचे मोठे काम होय. हल्ली आपल्या मुलांना नेमणुकीच्या पत्रावर ‘सीटीसी’ म्हणून वर्षाचा भलामोठा आकडा छापून मिळतो आणि महिन्याच्या शेवटी हातात पडणारी रक्कम पाहून घरचे विचारतात, बाकीचे गेले कुठे? पहिला आकडा मालकाचा, दुसरा मजुराचा. एकाच्या जागी दुसरा दाखवणे ही जुनी युक्ती आहे.

मजुराला काय मिळते हे कळले, तरी त्या पैशात काय येते हे कळायचे बाकीच होते. जर्मन मार्काचे फ्रेंच फ्रँक सराफाच्या भावाने करून चालत नाही, कारण सराफाचा भाव भाजीबाजारात लागू पडत नसतो. म्हणून दोन्हीकडच्या बाजारांत जाऊन भाव टिपले गेले. पण कोणत्या जिनसांचे? फ्रेंच मजूर वाइन पितो, जर्मन बियर पितो, इटालियन शेवयांवर ऑलिव्हचे तेल घालतो. माणूस जिथे राहतो तिथे जे स्वस्त असते तेच तो जास्त खातो. त्यामुळे फ्रेंच टोपली घेऊन हिशेब केला तर फ्रेंच मजूर सुखी दिसतो. जर्मन टोपली घेतली तर जर्मनाचे पारडे खाली येते. ज्वारी खाणाऱ्याने आणि भात खाणाऱ्याने एकमेकांची महागाई मोजावी, तसा हा प्रकार. शिवाय एकट्या मजुराचा हिशेब आणि बायको-दोन मुले असलेल्याचा हिशेब वेगवेगळा निघे, आणि त्याबरोबर देशांचा क्रमही बदले. कचेरीने यांतला एकच सोयीचा आकडा उचलून धरला नाही. टोपलीटोपलीने आणि कुटुंबाच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे हिशेब मांडले. पुढे १९५६-५७ साली संघाच्या मजुरांच्या कुटुंबांचे जमाखर्चही गोळा केले.

मजुरांच्या संसारात ही कचेरी इतकी का शिरली? आमचे उत्तर असे, की संघाच्या घडणीत मजुरांना जागा होती. कराराने जी सल्लागार समिती नेमली, तिच्यात उत्पादक, कामगार, आणि ग्राहक व व्यापारी या तिन्हींचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने घ्यायचे होते. वरिष्ठ मंडळावर पॉल फिने हे बेल्जियन कामगार पुढारी सभासद होते, आणि १९५८ साली ते त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्याच्या मनात जो प्रश्न असतो, तोच तो आकड्यांना विचारतो. कामगार पुढारी बसलेला असला म्हणजे ‘टन किती’ याबरोबर ‘घरी काय नेले’ हाही प्रश्न निघतो.

१९५७ सालच्या रोम कराराने सहा देशांचा बाजार सर्वच मालाला खुला झाला. त्या कराराच्या ११९व्या कलमात स्त्रीपुरुषांना सारख्या कामाला सारखे वेतन द्यावे, असे लिहिले होते. पण बायकांचा पगार वेगळा मोजल्याशिवाय तो कमी आहे हे सिद्ध कसे करणार? जे मोजले जात नाही ते मागताही येत नाही.

हे सगळे आपल्याला दूरचे वाटू नये. आपल्याकडे मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी काढली आणि जुलै १९१४ चे भाव शंभर धरून मुंबईतल्या श्रमिकांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला प्रारंभ केला. पुढे गिरणी कामगारांचा महागाईभत्ता निर्देशांकाला बांधला गेला, आणि एकेक अंक म्हणजे हजारो घरांतला रोकडा पैसा झाला. १९६३ साली हा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही म्हणून मुंबईचे कामगार रस्त्यावर आले. सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि समितीने निर्देशांक कमी दाखवला जात होता हे मान्य करून दुरुस्ती सुचवली. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांनी आकड्यावर बोट ठेवले आणि ते बरोबर निघाले, ही मुंबईच्या कामगार इतिहासातली अभिमानाची गोष्ट होय. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे मूळ वर्ष सप्टेंबर २०२० पासून २०१६ धरले जाते. २००१ च्या जुन्या मालिकेशी त्याचा सांधा जोडायला अखिल भारतीय पातळीवर २.८८ हा गुणक ठरला. पगाराचा करार करताना या गुणकातल्या दशांशाकडे जो लक्ष देत नाही, तो सभासदांचे नुकसान करून उठतो.

पुन्हा युरोपात जाऊ. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्टचा करार झाला आणि सामाईक बाजाराला सामाईक नाणे द्यायचे ठरले. या नाण्यात कोणाला घ्यायचे? ज्याची महागाई सर्वांत स्थिर अशा तीन देशांहून दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही, आणि ज्याच्या सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे, त्याला. म्हणजे आकडा आता दाराची किल्ली झाला. प्रत्येक देश आपली महागाई आपल्या रीतीने मोजत होता. म्हणून १९९५ साली कायदा करून सामाईक निर्देशांक तयार केला गेला आणि १९९७ पासून तो दर महिन्याला निघू लागला.

इथेही टोपलीचा वाद आलाच. माणूस भाड्याच्या घरात राहत असेल तर भाडे टोपलीत येते. पण स्वतःच्या घरात राहत असेल तर? कोणत्या देशात बहुतेक लोक भाड्याने राहतात, कोणत्या देशात बहुतेकांचे घर स्वतःचे. सर्वांना पटेल अशी रीत सापडेना, तेव्हा स्वतःच्या घराचा खर्च टोपलीबाहेरच ठेवण्यात आला. देशादेशांची तुलना करायला ही तडजोड चालण्यासारखी होती. पण तुलनेसाठी केलेले माप पगाराला लावले की काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता. तिथला सामाईक रीतीचा निर्देशांक जुन्या किरकोळ भावांच्या निर्देशांकापेक्षा बहुतेक वर्षी कमी भरे. काही तो घराच्या कर्जाचे व्याज धरत नसल्यामुळे, काही सरासरी काढण्याचे सूत्र वेगळे असल्यामुळे. एप्रिल २०११ पासून सरकारने सरकारी नोकरांची निवृत्तिवेतने या कमी भरणाऱ्या मापाने वाढवायचे ठरवले. संघटना न्यायालयात गेल्या आणि हरल्या. एकाही म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन कापले नाही. फक्त पायली बदलली.

आणि ग्रीसची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. २००१ साली ग्रीस सामाईक नाण्यात आला. २००४ साली त्याचे तुटीचे जुने आकडे फेरतपासणीत खोटे ठरले. तरीसुद्धा देशोदेशींच्या अर्थमंत्र्यांनी युरोस्टॅटला दप्तरे तपासण्याचा पुरता अधिकार दिला नाही. दुसऱ्याचे दप्तर उघडले तर उद्या आपलेही उघडेल, हे त्यांना कळत होते. २००९ च्या ऑक्टोबरात नव्या सरकारने सांगितले की तूट आधी कळवलेल्या ३.७ टक्क्यांऐवजी सुमारे १२.५ टक्के आहे. फेरमोजणी होता होता २०१० च्या नोव्हेंबरात ती १५.४ टक्क्यांवर गेली. मग युरोस्टॅटला अधिकार मिळाला, पण आग लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होता. सावकारांच्या अटींवर कर्ज घ्यावे लागले, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ग्रीसमधले किमान वेतन २२ टक्क्यांनी, पंचवीस वर्षांखालच्या तरुणांचे तर ३२ टक्क्यांनी कापले गेले. खोटा आकडा लिहिणारे मंत्रालयात होते. त्याची भरपाई हॉटेलात भांडी घासणाऱ्याने केली.

२०१० पासून ग्रीसच्या सांख्यिकी कचेरीचा प्रमुख असलेल्या आंद्रेआस जॉर्जिऊ याच्यावर, युरोपने मान्य केलेला आकडा दिला म्हणून, खटले भरले गेले. तूट फुगवल्याच्या आरोपातून तो सुटला. पण आकडे आपल्या मंडळापुढे मंजुरीला ठेवले नाहीत, या कारणासाठी २०१७ साली त्याला दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. आता आपण म्हणाल, आकडा ठरवावा लागतो असे तुम्हीच सांगितलेत, मग मंडळाने मते घेतली तर बिघडले काय? इथे एक सूक्ष्म रेषा आहे. कसे मोजायचे, हे सर्वांनी मिळून, उघड्यावर, मोजणीच्या आधी ठरवायचे. मोजून झाल्यावर किती भरले, यावर मते घ्यायची नाहीत. पायली कोणती यावर गावाने बसून बोलावे. धान्य किती भरले यावर हात वर करून निर्णय होत नसतो.

या दोनशे वर्षांच्या इतिहासातून आम्ही घेतलेला धडा एवढाच. कोणताही आकडा पुढे आला की चार प्रश्न विचारावेत. कोणाला मोजले? कोणाला सोडले? टोपली कोणाची? आणि हे ठरवताना कोण बसले होते? आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्यात हजेरीपटावर तीनशे माणसे होती आणि पाळी सुटली की फाटकातून सातशे बाहेर पडत. वरची चारशे कंत्राटदाराची, म्हणून कारखान्याच्या लेखी ती नव्हतीच. जर्मनीतला हिंडणारा शिंपी दोनदा मोजला गेला, कारण त्याच्या डोक्यावर पैसे मिळत होते. ही चारशे माणसे एकदाही मोजली गेली नाहीत, कारण त्यांना पैसे द्यावे लागले असते. उद्या आपल्या शहरात, आपल्या राज्यात, शेजारच्या देशांशी होणाऱ्या व्यापारात नवी मापे ठरतील. ती तज्ज्ञांनी ठरवावीत, हे आम्हांला मान्य आहे. पण ज्यांच्या घरातल्या चुली त्या मापावर पेटायच्या आहेत, त्यांची माणसे तिथे बसलेली असली पाहिजेत, आणि बसण्याआधी त्यांनी आकडेमोड शिकलेली असली पाहिजे. शाळा लवकर सुटली म्हणून ते शिकता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये.